वाचकांचे प्रश्न : पडद्यावरची झळाळी आणि हातातला खेळ

मागील अंकात व्हिडिओ गेमविषयी जे टिपण छापले होते, त्यावर नाशिक शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांचा रोख बहुतांशी एकाच मुद्द्यावर होता : आजच्या खेळांमध्ये ग्राफिक्सवर जेवढा पैसा आणि जेवढी चर्चा खर्ची पडते, तेवढे लक्ष प्रत्यक्ष खेळण्याच्या अनुभवाकडे, म्हणजे गेमप्लेकडे, दिले जाते का? त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे बालपण सिडकोत गेले. टीव्हीला जोडायच्या गेममध्ये कॅसेट घालून आम्ही भावंडे ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ तासन्‌तास खेळत असू. आता माझा मुलगा संगणकावर जे गेम खेळतो, ते चित्रपटासारखे दिसतात. पण दोन आठवड्यांत तो त्यांना कंटाळतो. जुन्या खेळांत खरोखरच काही अधिक होते, की हा केवळ आमच्या वयाचा परिणाम आहे? — एक पालक, इंदिरानगर

उत्तर : वयाचा परिणाम थोडा आहेच. त्या काळी बाजारात आलेल्या कॅसेटींमध्ये टाकाऊ खेळांचा भरणा काही कमी नव्हता. ते आपण विसरलो आणि ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’ तेवढे लक्षात राहिले. तरीही आपल्या निरीक्षणात तथ्य आहे, आणि ते समजून घ्यायचे तर गेमप्ले म्हणजे नेमके काय, हे आधी पाहावे लागेल. खेळाचे नियम हा त्याचा एक भाग झाला. बटण दाबल्यानंतर पडद्यावर काय घडते, किती लवकर घडते आणि खेळणाऱ्याला अपेक्षित होते तसेच घडते का, हा त्याचा दुसरा आणि अधिक नाजूक भाग होय. कॅरमच्या पटाच्या कडेने कोणती नक्षी आहे, याने खेळात काही फरक पडत नाही. पण पटावरची पावडर कमी पडून सोंगटी अडखळू लागली, की नियम तेच असूनही मजा जाते. गेमप्लेविषयीच्या चर्चा बहुधा नियमांपाशी थांबतात, आणि ‘मजा येत नाही’ असे खेळणारा म्हणतो तेव्हा त्याची तक्रार पुष्कळदा त्या पावडरीविषयी असते.

निन्टेंडोने १९८५ साली आणलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पहिला पडदा आठवून पाहा. मारिओ डावीकडे उभा असतो आणि उजवीकडची जागा मोकळी असते, त्यामुळे कोणी न सांगताच आपण उजवीकडे निघतो. थोडे पुढे गेल्यावर प्रश्नचिन्हाचा लुकलुकणारा ठोकळा दिसतो, आणि त्याच सुमारास समोरून रागीट भुवयांचा एक तपकिरी प्राणी चालत येतो. त्याला धडकले तर जीव जातो, उडी मारून त्याच्यावर पडले तर तो चपटा होतो, आणि उडी मारताना डोके ठोकळ्याला लागले तर नाणे निघते. पहिल्या अर्ध्या मिनिटात खेळाचा गाभा शिकवून झालेला असतो आणि सूचनेचा एक शब्दही पडद्यावर आलेला नसतो. बटण नुसते टिचकीसारखे दाबले तर उडी ठेंगणी पडते, दाबून धरले तर उंच जाते, आणि धावत येऊन मारली तर लांब जाते. लहान मुलाचा अंगठादेखील हे काही मिनिटांत शिकतो आणि पुढे वर्षानुवर्षे विसरत नाही. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे ४० किलोबाइटांच्या कॅसेटमध्ये बसवले. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांसाठी त्यांनी एकच आकृती रंग बदलून वापरली. काटकसर चित्रात केली, उडीत केली नाही.

मात्र जुने ते सोने, असे म्हणून चालणार नाही. ‘मारिओ’च्या दोन वर्षे आधी, १९८३ मध्ये, अमेरिकेतील आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत, ‘ड्रॅगन्स लेअर’ नावाचा खेळ आला होता. डिस्नेतून बाहेर पडलेल्या डॉन ब्लूथ यांचे हाताने काढलेले ॲनिमेशन त्यात लेसरडिस्कवरून दाखवले जाई, त्यामुळे शेजारच्या यंत्रांवरील ठिपक्याठिपक्यांच्या आकृत्यांपुढे तो विलक्षण देखणा दिसे. पण खेळणाऱ्याच्या हाती काय होते? ठरलेल्या क्षणी ठरलेल्या दिशेला दांडा ढकलायचा किंवा तलवारीचे बटण दाबायचे. जमले तर चित्रफीत पुढे सरके, चुकले तर नायक मरे, आणि एकदा क्रम पाठ झाला की करण्यासारखे काही उरत नसे. आपल्या मुलाचा दोन आठवड्यांतला कंटाळा याच जातीचा असावा. याउलट १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी ‘टेट्रिस’ ज्या इलेक्ट्रोनिका-६० संगणकावर रचला, त्यावर चित्रे दाखवण्याची सोयच नव्हती. ठोकळे कंसांच्या चिन्हांनी उभे केले होते. तो पाहून संपत नाही, कारण पाहण्यासारखे त्यात मुळातच फारसे काही नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपमध्ये ‘बीजीएमआय’ (मोबाईलवरचा, अनेकांनी मिळून खेळायचा बंदुकीच्या लढाईचा गेम) सर्वांत चांगले खेळणारा मुलगा, फोन महागडा असूनही, ग्राफिक्स ‘स्मूथ’वर म्हणजे अगदी खालच्या पायरीवर ठेवतो. मग एवढे भारी ग्राफिक्स कंपनी बनवते कोणासाठी? — एक विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : आपला मित्र हिशेबी आहे. त्या खेळाच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा आणि फ्रेम रेट अशा दोन वेगळ्या ओळी असतात, आणि पहिलीत घेतलेली प्रत्येक सवलत दुसरीत उपयोगी पडते. सेकंदाला ३० चित्रे दाखवायची असतील, तर फोनला एक चित्र तयार करण्यासाठी सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० दाखवायची असतील तर साधारण १७, आणि ९० साठी जेमतेम ११. त्या ११ मिलिसेकंदांत सावल्या, पाण्यावरचे प्रतिबिंब आणि पानापानांवरचा उजेड काढत बसायला वेळ नसतो. म्हणून तो चित्राला साधे करतो आणि त्या बदल्यात भिंतीआडून डोकावणारा शत्रू त्याला क्षणभर आधी दिसतो, आणि बंदुकीचा धक्का सावरण्यासाठी पडद्यावर खाली ओढलेल्या बोटाचा परिणामही लवकर उमटतो.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे सातत्य. एरवी ६० वर चालणारा खेळ चार जण एकाच इमारतीत शिरल्यावर आणि धुराचे बॉम्ब फुटल्यावर ३५ वर घसरत असेल, तर तो कायम ४० वर चालणाऱ्या खेळापेक्षा वाईट. कारण हाताला सवय लागलेला वेग नेमका मोक्याच्या क्षणी बदलतो. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीजवळ गेलेला असताना पंख्याखाली बसून सलग तीन सामने खेळलेल्या कोणालाही हा अनुभव वेगळा समजावून सांगायला नको. ‘स्मूथ’वर फोन कमी तापतो, म्हणून तिसऱ्या सामन्यातही तो पहिल्यासारखाच चालतो.

ही निवड फक्त मोबाईलवरच्या स्पर्धकांची आहे, असेही नाही. फोर-के पडद्यावर जवळपास ८३ लाख ठिपके असतात, तर साध्या १०८०पी पडद्यावर सुमारे २१ लाख. म्हणजे प्रत्येक चित्रामागे चौपट काम. त्यामुळे कन्सोलवरचे, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवरचे, अनेक मोठे खेळ आता देखण्या चित्राचा एक आणि वेगाचा एक असे दोन पर्याय देतात. सोनीचे मार्क सर्नी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रोची ओळख करून देताना सांगितले होते, की हा पर्याय समोर येतो तेव्हा सुमारे तीनचतुर्थांश वेळा खेळाडू वेगाचा पर्याय निवडतात. हे सांगणारा गृहस्थ यंत्र विकायला बसलेला होता, हे लक्षात घेतले तरी आकडा बोलका आहे.

राहिला प्रश्न, कोणासाठी. एकट्याने, सावकाशीने, डोंगरदऱ्या पाहत खेळायचा कथाप्रधान गेम असेल, तर मी स्वतः ३० चित्रांवर समाधान मानून सावल्या आणि धुके पुरेपूर घेईन. तेथे घाई कोणालाच नसते.

प्रश्न : मी कॉलेज रोडवरील एका संस्थेत ॲनिमेशन शिकते आहे आणि पुढे गेम क्षेत्रात जायचे आहे. ‘ग्राफिक्सला कोण विचारतो, गेमप्ले महत्त्वाचा’ असे मित्र ऐकवतात, तेव्हा आपण चुकीचे शिक्षण घेत आहोत की काय, अशी शंका येते. गेममध्ये चित्रकाराचे काम दुय्यम असते का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : मुळीच नाही, आणि आपल्या मित्रांचे वाक्य जितके जोरात बोलले जाते तितके खरे नाही. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. ठिपके किती, सावल्या किती बारीक, किरणांचे गणित किती अचूक, ही यंत्राची ताकद झाली. चित्र काय सांगते, हे चित्रकाराचे काम झाले. पहिली गोष्ट दर चार-पाच वर्षांनी जुनी होते. दुसरी होत नाही. निन्टेंडोने २००२ मध्ये जपानमध्ये ‘झेल्डा’ मालिकेतील ‘द विंड वेकर’ आणला, तेव्हा त्यातील व्यंगचित्रासारखे, सपाट रंगांचे रूप पाहून कित्येक चाहते नाराज झाले होते, कारण त्यांना वास्तवाच्या जवळ जाणारे चित्र हवे होते. आज तो खेळ लावून पाहा आणि त्याच काळातील ‘वास्तववादी’ म्हणवणारा कोणताही दुसरा खेळ त्याच्या शेजारी लावा. कोणाचे चेहरे मेणाचे वाटतात, ते लगेच कळेल.

शिवाय चित्र आणि खेळ यांची फारकत अनेकदा करताच येत नाही. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रूंची फौज जसजशी कमी होते, तसतसा उरलेल्यांचा वेग वाढत जातो आणि शेवटचा शत्रू तर पळतच सुटतो. ही योजना आधी कोणी आखलेली नव्हती. पडद्यावर काढायच्या आकृत्या कमी झाल्या की त्या काळचा दुबळा प्रोसेसर आपोआप भरभर काम करू लागे. खेळाचे निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी ते पाहिले आणि तसेच राहू दिले, कारण त्याने खेळात चढता ताण आला. म्हणजे चित्र काढण्यातली अडचण हाच त्या खेळाचा सर्वांत गाजलेला नियम ठरला.

आपल्या अभ्यासासाठी मी १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ सुचवीन. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला आणि कठड्याला लोंबकळायला लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक आकृती गिरवली. त्यामुळे राजपुत्राच्या हालचालींना माणसाचे वजन आले. परंतु तेवढ्यावरच हे थांबले नाही. बटण सोडल्यावर मारिओ पटकन सावरतो, राजपुत्र मात्र धावता धावता पायांनी घसटत थांबतो, आणि उडी मारण्याआधी अंग किंचित आवरून घेतो. म्हणून खड्ड्याच्या कडेला खेळणाऱ्याला आधीच ठरवावे लागते. ऐनवेळी विचार बदलला तर तो खालच्या टोकदार सळ्यांवर पडलेला असतो. चित्रांची संख्या वाढवल्याने खेळ मंद, सावध आणि धास्तीचा झाला. ॲनिमेशन करणाऱ्याने घेतलेला निर्णय हा तेथे थेट गेमप्लेचा निर्णय आहे.

आजही हेच चालते. राक्षसाने तलवार उगारल्यापासून वार होईपर्यंत किती चित्रे ठेवायची, यावर तो चुकवता येईल की नाही, हे ठरते. चित्रे कमी ठेवली तर खेळणारा ‘हा अन्याय आहे’ म्हणून कंट्रोलर आपटतो; फार ठेवली तर तो जांभई देतो. प्रकाशाचेही तसेच. २००२ च्या ‘स्प्लिंटर सेल’मध्ये त्या वेळची नवी, हलती सावली ही शोभेची वस्तू नव्हती, दिवा फोडून अंधार करायचा आणि त्या अंधारात लपायचे, हाच त्याचा खेळ होता. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधील ‘राजी’ जरूर खेळून पाहावा. पहाडी चित्रशैलीचा त्यावरील प्रभाव, राजस्थानी वास्तूंची ठेवण आणि कथेसाठी वापरलेल्या सावल्यांच्या बाहुल्या यांची समीक्षकांनी मनापासून स्तुती केली, तर लढाईच्या सफाईविषयी कुरकुर केली. दोन्ही प्रतिक्रिया वाचून मग तो खेळलात, तर आपल्या विषयाचा एक चांगला धडा घरबसल्या होईल.

प्रश्न : ग्राहकाला गेमप्लेच हवा असेल, तर कंपन्या ग्राफिक्सवर शेकडो कोटी का उधळतात? मी कारखान्यात खर्चाचा हिशेब ठेवणारा माणूस आहे. मला हे कोडे सुटत नाही. — एक वाचक, सातपूर

उत्तर : हिशेबाच्या माणसाला हिशेबातच उत्तर देतो. गेम विकला जातो तो खेळण्याआधी, आणि दीड-दोन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये उडीची नजाकत दाखवता येत नाही. ओल्या रस्त्यावर चमकणारे दिवे दाखवता येतात. नवे कन्सोल किंवा नवे ग्राफिक्स कार्ड विकणाऱ्यालाही जुन्यापेक्षा वेगळे काही डोळ्यांना दिसावे लागते. म्हणजे खर्च मूर्खपणाचा नाही, तो विक्रीचा खर्च आहे.

त्याची रक्कम किती, हे कंपन्या सहसा सांगत नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्ध चाललेल्या एका खटल्यातील कागदपत्रांवर गोपनीय मजकूर झाकण्यासाठी फासलेली काळी शाई नीट न बसल्यामुळे सोनीचे दोन आकडे बाहेर आले : ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’साठी सुमारे २२ कोटी डॉलर, आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’साठी २१ कोटी २० लाख डॉलर. पहिली रक्कम त्या वेळच्या दराने १,८०० कोटी रुपयांच्या आसपास जाते. यातील मोठा भाग पगारांचा असतो. शेकडो माणसे पाच-पाच वर्षे एका खेळावर बसलेली असतात, आणि पात्राच्या कोटाचा पोत वास्तवाइतका बारीक करायचा तर तो कोणीतरी बसून करावाच लागतो. हे दोन्ही खेळ खेळायलाही चांगले आहेत, हे सांगायला हवे. माझा आक्षेप या खर्चाला नाही, त्यातून येणाऱ्या भीतीला आहे. एवढी रक्कम गुंतल्यावर नवा, कदाचित फसेल असा नियम वापरून पाहण्याची हिंमत कोण करणार? मग मागच्या वेळी चाललेलाच खेळ पुढचा क्रमांक लावून, अधिक झळाळीने, पुन्हा येतो.

यंत्राच्या कुवतीबाहेरचे चित्र आखले की काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे डिसेंबर २०२० मधील ‘सायबरपंक २०७७’. ताकदवान संगणकांवर तो डोळे दिपवणारा होता, पण प्लेस्टेशन ४ सारख्या जुन्या कन्सोलवर इतका अडखळत होता, की सोनीने काही दिवसांतच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत करण्याची तयारी दाखवली. तो परत आला जून २०२१ मध्ये.

उलट बाजूही आकड्यांतच पाहा. निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांचे धोरण असे, की जुने, स्वस्त, पूर्ण कळलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. त्यातून १९८९ मध्ये आलेल्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राला रंग नव्हते आणि पडद्यामागे दिवाही नव्हता; पण तो चार पेन्सिल सेलवर बराच वेळ चाले. रंगीत आणि उजळ पडद्याचे प्रतिस्पर्धी अटारी लिंक्स आणि सेगा गेम गिअर सहा-सहा सेल काही तासांत संपवत. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत अवतार मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक विकले गेले. ठोकळ्यांचे जग असलेला ‘माइनक्राफ्ट’ २०२३ पर्यंत ३० कोटी प्रतींच्या पुढे गेला. २०२३ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट गेमचा मान ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ने मिळवला, जो दिसायला आपल्या कॅसेटींच्या काळातला वाटतो, त्याने ‘एल्डन रिंग’ आणि ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ यांसारख्या बड्यांना मागे टाकले. पत्त्यांवर बेतलेला ‘बालाट्रो’ हा मुख्यतः एका माणसाने बनवलेला गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि वर्षभराच्या आत ५० लाख प्रती विकून बसला.

यावरून कोणी साधी चित्रे म्हणजे यशाची हमी असा निष्कर्ष काढू नये. असे लहान गेम दरवर्षी हजारोंनी येतात, आणि त्यांतील बहुतेकांना खेळायला कोणी मिळत नाही. फरक एवढाच, की लहान गेम फसला तर त्याच्यामागे एक-दोन माणसांची काही वर्षे जातात, शेकडो जणांच्या नोकऱ्या नाहीत.

प्रश्न : दिवाळीत भाच्याला संगणकावरचा एखादा गेम भेट द्यायचा आहे. ट्रेलर सगळेच छान असतात. फसगत होऊ नये म्हणून काय पाहावे? — एक शिक्षिका, देवळाली कॅम्प

उत्तर : ट्रेलर पाहूच नका. यूट्यूबवर त्या गेमचे कोणी तरी काटछाट न करता केलेले अर्ध्या तासाचे खेळणे शोधा, आणि सुरुवातीचे नव्हे तर मधले पाहा. खेळणारा दर मिनिटाला काही निर्णय घेतो आहे की नुसता एका खुणेकडून दुसऱ्या खुणेकडे चालतो आहे, एवढे बघितले तरी पुष्कळ कळते. डेमो, म्हणजे खेळाचा छोटा नमुना, उपलब्ध असेल तर तो भाच्यालाच खेळू द्यावा.

घेण्यापूर्वी त्याच्या संगणकात तो चालेल का, हे गेमच्या पानावर दिलेल्या किमान आवश्यकतांशी ताडून पाहावे आणि जागाही मोजावी. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ सारखा एकटा गेम संगणकावर १५० जीबी जागा मागतो, आणि तो उतरवून घ्यायलाच घरच्या इंटरनेटवर अख्खा दिवस जाऊ शकतो. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. भेट म्हणून पाठवलेल्या गेमलाही हाच नियम आहे. मात्र भाच्याने ती भेट स्वीकारली असेल तर परतीची विनंती त्याच्या खात्यातून करावी लागते, आणि पैसे मात्र आपल्याकडे येतात. तेव्हा गेम आवडला नाही तर मामी-मावशीला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस, दोन तास भरायच्या आत सांग, हे त्याला देतानाच बजावून ठेवावे.